शिडाची बोट चालवायला शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शीड, वारा आणि समुद्र यांच्याशी कधीही संबंध आला नसताना मी चाळिशीत पहिला कोर्स केला. आता नवशिक्यांना बोटीवर घेऊन जाते. नाव नोंदवण्याआधी फोनवर, पहिल्या सकाळी धक्क्यावर आणि रात्री केबिनमध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

मला यातलं काहीच येत नाही. आधी वाचून तयारी करू, की थेट बोटीवर येऊ?

थेट या. सुकाणूच्या दांड्याचंच घ्या. टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. वाचलं की लगेच कळतं, पण समोर दुसरी बोट आली की हात गाडीच्या स्टिअरिंगच्या सवयीने नेमका उलटा जातो. पहिल्या तासात प्रत्येक जण तो दांडा मुठीत आवळून धरतो. बोट नागमोडी जाते, ती सरळ करायला तो आणखी जोरात ढकलतो आणि नागमोड वाढते. मग मी सांगते, दोन बोटांनी धरा, लांबचा एखादा कडा हेरा, आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, त्या कड्यावर राहील इतकंच हलवा. तिसऱ्या तासाला तोच माणूस गप्पा मारत बोट सरळ नेत असतो आणि दांडा आत्ता कुठे ढकललात असं विचारलं तर त्याला सांगता येत नाही. हाताला कळलेलं असतं.

घरी करण्यासारख्या तीन गोष्टी मात्र आहेत. बोटीच्या मुख्य भागांची नावं पाठ करा, कारण ‘शीट सोड’ अशी हाक आली तर शीट म्हणजे कापड नव्हे, शीड आवळणारा दोर, हे त्या क्षणी आठवायला हवं. दुसरं, हातभर दोर घेऊन बोलाइन गाठ शिका आणि डोळे मिटूनही बांधता येईल इतकी घोटा. तिसरं, वारा ओळखायची सवय लावा. मोकळ्या जागी उभे राहा, डोळे मिटा, आणि दोन्ही कानांत वाऱ्याचा आवाज सारखा येईपर्यंत मान वळवत राहा. नाक जिकडे, तिकडून वारा. बोटीवर डोलकाठीच्या टोकाला वातदिशादर्शक असतो, पण सतत वर बघून मान अवघडते. कान आणि गाल पुढे हेच काम न सांगता करू लागतात.

बोट वाऱ्याच्या विरुद्ध जातेच कशी?

थेट विरुद्ध जातच नाही. वारा जिकडून येतो त्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा असा असतो, की त्यात शीड नुसतं फडफडतं. त्या पट्ट्याच्या कडेकडेने जाता येतं. शीड इथे विमानाच्या पंखासारखं वागतं. बाकदार कापडावरून वारा वाहतो, दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि बोट ओढली जाते, थोडी पुढे आणि बरीचशी बाजूला. बाजूला जायला पाण्याखालची कील, म्हणजे बोटीच्या तळाला जोडलेलं उभं पातं, अडवते. उरते ती पुढची ओढ.

म्हणून वाऱ्याकडच्या ठिकाणी जायचं तर आधी एका अंगाने, मग दुसऱ्या अंगाने, असे तिरपे पल्ले घ्यायचे. दर वळणाला नाळ वाऱ्यातून फिरते. त्याला टॅक म्हणतात. सरळ दहा मैलांचं अंतर असेल तर अशाने चौदा मैल तरी पडतात, आणि बोट थोडी घसरते ते वेगळंच. सहलीचा बेत आखताना नवशिके हे विसरतात आणि मुक्कामाला पोचता पोचता अंधार पडतो.

बोटीला ब्रेक नसतो. मग थांबवायची कशी?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला आवडतो, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांना वेगाची हौस असते. शिडाच्या बोटीचा ब्रेक म्हणजे शिडातला वारा काढून टाकणं. वारा बाजूने किंवा पुढून असेल तर शीट सैल सोडली की शीड फडफडतं आणि बोट मंदावते. नाळ वाऱ्याकडे वळवली तरी तेच होतं. मात्र वारा मागून असताना नुसती शीट सोडून बोट थांबत नाही, कारण शीड डोलकाठीच्या आधाराच्या तारांना जाऊन टेकतं आणि वारा धरूनच राहतो. आधी वळावं लागतं.

याच्या पुढची पायरी म्हणजे हीव्ह-टू. टॅक करताना पुढच्या शिडाचा दोर सोडायचाच नाही. ते शीड उलट्या बाजूने वारा धरतं, मागचं शीड बोट पुढे रेटतं, सुकाणू नाळ वाऱ्याकडे वळवेल असं बांधून ठेवायचं. दोन्ही जोर एकमेकांना तोलतात आणि मघापर्यंत उसळणारी बोट शांतपणे, किंचित वाहत, जवळजवळ जागच्या जागी राहते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बोटीवरचा आवाजच बंद झाल्यासारखं वाटलं होतं. जेवायला, नकाशा नीट बघायला किंवा दमलेल्या माणसांना विश्रांती द्यायला ही युक्ती फार उपयोगी पडते. कोर्समध्ये शिकवली नाही तर मागून घ्या.

बोट इतकी कलते, उलटणार नाही ना?

डिंगी, म्हणजे छोटी हलकी बोट, उलटते, आणि ती उलटी झाल्यावर सरळ करणं हा डिंगी-कोर्सचाच भाग असतो. कील असलेल्या यॉटचं गणित वेगळं आहे. बऱ्याच क्रूझिंग, म्हणजे मुक्कामी प्रवासाच्या, यॉटमध्ये एकूण वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग खाली कीलमध्ये, शिशाच्या किंवा ओतीव लोखंडाच्या रूपात असतो. बोट जितकी कलते तितकं ते वजन तिला परत उभं करायला जोर लावतं, आणि शीड आडवं होत गेल्याने त्यात भरणारा वारा कमी होतो.

तेव्हा कलण्याची भीती नको, पण कलणं वाचायला शिका. साधारण २० अंशांच्या पुढे यॉट कलली की वेग वाढत नाही, सुकाणू जड होतं आणि बोट आपणहून वाऱ्याकडे तोंड वळवायला बघते. शीड जास्त झालंय, एवढाच त्याचा अर्थ.

डिंगीवर शिकू की यॉटवर?

जमलं तर दोन्ही, आणि डिंगी आधी. डिंगी हलकी असते, चूक केली की लगेच पाण्यात टाकते, त्यामुळे शिडाची आणि तोल सांभाळण्याची जाण फार लवकर येते. यॉट चूक पोटात घालते, मग चूक झाल्याचं कळायलाही वेळ लागतो. पण गुडघे दुखत असतील, पाण्यात पडायची हौस नसेल किंवा मुळात मुक्कामी प्रवास करण्यासाठीच शिकायचं असेल, तर सरळ यॉटवर सुरुवात करा.

पोहता यायलाच हवं का?

जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस ठरला, आणि त्याला पोहता येत नव्हतं असं सांगतात. तरीही माझं उत्तर आहे, थोडं तरी शिका. लांब पोहत जायला नव्हे, पाण्यात पडल्यावर घाबरून श्वास चुकू नये म्हणून.

पण खरी भिस्त लाइफजॅकेटवर. पाण्यात पडताच आपोआप फुगणारं जॅकेट मिळालं तर घालण्याआधी ते उघडून बघा. गॅसची छोटी नळी घट्ट बसली आहे का, वापरून संपलेली तर नाही ना? मांड्यांमधून जाणारा पट्टा लावाच. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि तोंड खाली जातं. रात्री किंवा जोराच्या वाऱ्यात कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेत, येतानाच कमरेचा दोर बोटीला अडकवायचा, बाहेर येऊन बसल्यावर नव्हे.

पाच दिवसांच्या कोर्समध्ये प्रत्यक्ष काय करायला मिळतं?

बहुतेक सुरुवातीचे क्रूझिंग कोर्स पाच दिवसांचे असतात आणि राहणं बोटीवरच असतं. पहिली सकाळ बोट ओळखण्यात जाते. आग विझवायचं साधन कुठे, पाणी आत येऊ शकेल असे व्हॉल्व्ह कुठे, रेडिओ कसा लावायचा. कंटाळा येतो, पण ऐका. नंतर दोर.

विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या पिंपावर, दोर घेणं ही साधी गोष्ट मी इथे मुद्दाम सांगते, कारण शिकाऊ माणसांची बोटं तिथेच सापडतात. दोर नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा. आधी दोन वेढे, ताण आला की तिसरा. धरताना मूठ विंचपासून वीतभर लांब, आणि अंगठा कधीही दोर आणि विंच यांच्या मध्ये येणार नाही असा. ताणलेला दोर सैल सोडायचा असेल तर वेढे एकदम काढायचे नाहीत. एका हाताचा तळवा वेढ्यांवर सपाट ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने दोर इंच-इंच द्यायचा. तळव्याखाली दोर कुरकुरत सरकतो, तेव्हा शिडात किती जोर आहे हे पहिल्यांदा अंगाला कळतं.

मग टॅक, आणि त्यानंतर जाइब. जाइब म्हणजे वारा मागून असताना वळणं. यात बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपाट्याने जातो. माझ्या पहिल्या कोर्सला मी सुकाणूवर होते, मागच्या वाऱ्यात लक्ष थोडं ढळलं आणि बूम न सांगता फिरला. माझ्या सोबतिणीने त्याच क्षणी खाली वाकून पेला उचलला होता म्हणून तिचं डोकं वाचलं. तो आवाज मी विसरलेले नाही. आज माझ्या बोटीवर मागून वारा असेल तर बूम पुढे बांधून ठेवलेला असतो, आणि कोणीही कॉकपिटमध्ये उभं राहत नाही.

माणूस पाण्यात पडल्याचा सराव रोज होतो. फेंडरला, म्हणजे धक्क्यावर बोट घासू नये म्हणून लावायच्या फुगीर गादीला, बादली बांधून ती न सांगता पाण्यात टाकतात आणि ‘माणूस पडला’ अशी आरोळी होते. एका व्यक्तीने फक्त बादलीकडे हाताने खूण करत राहायचं, नजर हलवायची नाही, दुसरं कोणतंही काम करायचं नाही. बाकीच्यांनी बोट फिरवायची. पाच नॉट, म्हणजे ताशी पाच सागरी मैल, वेगाने जाणारी बोट अर्ध्या मिनिटात जवळजवळ ७७ मीटर पुढे जाते, आणि लाटांमध्ये तेवढ्या अंतरावरचं डोकं नारळाएवढंही दिसत नाही. पहिल्या दिवशी बादली परत घ्यायला आठ-दहा मिनिटं लागतात. पाचव्या दिवशी बरेच गट दोन-तीन मिनिटांत घेतात. या एका सरावासाठीसुद्धा कोर्स करावा असं मला मनापासून वाटतं.

कोर्सची नावं ऐकून गोंधळ होतो. कोणता कशासाठी?

जगभर दोन पद्धती जास्त भेटतात. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या मालिकेत ‘कॉम्पिटंट क्रू’ हा बोटीवर उपयोगी पडणारा खलाशी तयार करतो. ‘डे स्किपर’ (स्किपर म्हणजे बोटीचा प्रमुख) केल्यावर ओळखीच्या पाण्यात, दिवसा, छोट्या प्रवासावर बोट नेता यावी अशी अपेक्षा असते. त्याच्या प्रात्यक्षिकाला येण्याआधी किमान ५ दिवस, १०० मैल आणि रात्रीचे ४ तास बोटीवर घालवलेले असावेत असं सांगितलं जातं. पुढे ‘कोस्टल स्किपर’ आणि मग ‘यॉटमास्टर’. यॉटमास्टर ऑफशोअरच्या परीक्षेला बसायचं तर ५० दिवस आणि २,५०० मैलांचा अनुभव लागतो. तिथे परीक्षक बोटीवर येऊन बसतात आणि बोट तुम्ही चालवता.

अमेरिकन सेलिंग असोसिएशनची मालिका आकड्यांची आहे. १०१ म्हणजे कीलबोटीची ओळख, १०३ म्हणजे किनाऱ्याजवळचं क्रूझिंग, १०४ म्हणजे स्किपरशिवाय बोट भाड्याने घेण्याइतकी तयारी. परदेशात बोट भाड्याने घेताना काही ठिकाणी आयसीसी (इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स) हे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ४० क्रमांकाच्या ठरावावर आधारलेलं प्रमाणपत्र मागतात. ज्या देशात बोट घेणार, तिथे काय चालतं हे आधी विचारा आणि मग कोर्स निवडा.

प्रमाणपत्राच्या मागे धावून लागोपाठ तीन पायऱ्या चढू नका. दोन कोर्सच्या मध्ये बरेच मैल बोट चालवा. लागोपाठ सगळे कोर्स केलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांना उत्तरं येतात, पण वारा अचानक फिरला की ते प्रशिक्षकाच्या तोंडाकडे बघतात.

नकाशा आणि भरती-ओहोटीचा अभ्यास खरंच लागतो? जीपीएस आहे की.

जीपीएस तुम्ही कुठे आहात हे सांगतं. दोन तासांनी तिथे पाणी किती असेल हे समजायला भरतीचं गणित लागतं. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर असतं, पण पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासाला एक हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या आणि चौथ्याला तीन-तीन, पाचव्याला दोन, सहाव्याला एक, असे बारा हिस्से. भरती ३.६ मीटरची असेल तर पहिल्या तासात ०.३ मीटर आणि तिसऱ्या तासात एकदम ०.९ मीटर. उथळ तोंडाच्या खाडीत शिरायचं की बाहेर थांबायचं, हे यावर ठरतं. सगळीकडे भरती अशी शहाण्यासारखी वागत नाही, म्हणून स्थानिक तक्ता पाहायचाच.

बोयांचंही, म्हणजे जलमार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचंही, तसंच. बंदरात शिरताना जगाच्या बहुतेक भागांत लाल बोया डावीकडे ठेवतात. अमेरिका खंडात, जपान, कोरिया आणि फिलिपिन्समध्ये तो उजवीकडे ठेवतात. नवीन पाण्यात जाताना हे विसरलात तर बोट खडकावर जाईल.

आणि कागदी नकाशावर पेन्सिलने रेघ मारायला शिका. पडदा बंद पडू शकतो हे एक कारण झालंच. माझ्या मते त्याहून मोठं कारण असं, की रेघ मारताना माणूस वाटेतल्या प्रत्येक खडकाशी थांबतो.

शिकायला किती वारा चांगला?

बोफर्ट मापावरचा ३ आणि ४, म्हणजे ७ ते १६ नॉट. ५ म्हणजे १७ ते २१ नॉट, तिथे नवशिक्याचा कस लागतो. सहाच्या पुढे शिकवणी कमी आणि बोट सांभाळणंच जास्त होतं.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. १० नॉटचा वारा २० नॉटचा झाला की शिडावरचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून शीड कमी करायचं काम, म्हणजे रीफ घेणं, वारा वाढण्याच्या आधी करायचं. ‘रीफ घेऊ का?’ हा प्रश्न मनात आला की घ्यावा. चुकून लवकर घेतला तर परत सोडायला पाच मिनिटं लागतात. उशीर केला तर तेच काम उसळत्या डेकवर, भिजलेल्या हातांनी करावं लागतं.

मला बोट लागते. जमेल का?

बहुतेकांना जमतं. कानातला तोल सांगणारा भाग एक सांगतो आणि डोळे दुसरं, त्यातून मळमळ होते. केबिनमध्ये डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि शरीर हलत असतं, म्हणून खाली जाऊन झोपणारे किंवा फोन बघणारे आधी आजारी पडतात. वर या, क्षितिजाकडे बघा, आणि सुकाणू हातात घ्या. पांढरीफटक पडलेली माणसं सुकाणू दिल्यावर वीस मिनिटांत सावरलेली मी कितीदा पाहिली आहेत. बोट पुढे कशी हलणार हे हाताला आधी कळतं, त्याचा हा परिणाम.

औषध घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्या, ओकारी सुरू झाल्यावर ते पोटात टिकत नाही. उपाशीपोटी येऊ नका, थंडी वाजू देऊ नका आणि त्रास होतोय हे लपवू नका. आणि ओकायचंच असेल तर वारा जिकडे जातो त्या बाजूला, बोटीला अडकवलेल्या दोरानिशी.

क्रूझिंगमध्ये वेगळं काय असतं? बोट चालवता आली की झालं ना?

बोट चालवणं हा दिवसातला काही तासांचा भाग. क्रूझिंग म्हणजे त्याच बोटीवर राहणं, जेवणं, झोपणं आणि सकाळी ती त्याच जागी सापडणं.

नांगराची गोष्ट सविस्तर सांगते. नांगर वजनाने बोट धरत नाही, तळात रुतून धरतो, आणि रुतायला ओढ आडवी लागते. म्हणून साखळी भरपूर सोडायची. समजा आत्ता पाणी ४ मीटर आहे, भरतीला आणखी २ मीटर चढणार, आणि नाळ पाण्यापासून १ मीटर उंच आहे. झाले ७ मीटर. पाचपट धरली तर ३५ मीटर साखळी. नवशिके आत्ताचे ४ मीटर धरून २० सोडतात आणि मध्यरात्री भरतीला नांगर उचकटतो. साखळी सोडल्यावर इंजिन मागे चालवून नांगर रुतवायचा, आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत येतात का ते पाहून ठेवायचं. मागचं झाड आणि पुढचा दिवा, असं काहीही. रेषा मोडली की समजा बोट सरकली.

एकदा चार विद्यार्थ्यांसह आम्ही एका आडोशाच्या खाडीत होतो. मध्यरात्रीनंतर वारा फिरला. पहाऱ्यावरच्या विद्यार्थिनीने मला उठवलं, म्हणाली, “ताई, दोन दिवे मघाशी एकावर एक होते, आता फटीएवढे लांब झालेत.” मी नाळेवर जाऊन साखळीवर तळवा ठेवला. घट्ट बसलेल्या नांगराची साखळी ताणते आणि सैलावते, पण थरथरत नाही. हिच्यात खरखर येत होती, जणू कुणी खाली दगडांवरून लोखंड ओढतंय. आम्ही नांगर उचलला, अंधारात थोडं बाहेर जाऊन पुन्हा टाकला, ४५ मीटर साखळी सोडली आणि उजाडेपर्यंत पाळीपाळीने जागलो. त्या विद्यार्थिनीने दोन दिव्यांकडे पाहत राहायचं काम नेमकं केलं, म्हणून सकाळी बोट पाण्यावर होती.

घरकामातलेही नियम कडक असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि बाहेर जात नाही. म्हणून काम झालं की सिलिंडरपाशीच बंद करायचा. शेगडी झुल्यावर असते, बोट कलली तरी भांडं सपाट राहतं. बोट नांगरावर असली तरी उकळत्या पाण्याशी काम करताना उघडे पाय नकोत. पिण्याचं पाणी टाकीत मोजकं असतं, भांडी आधी समुद्राच्या पाण्याने धुवायची. शौचालयाचा हातपंप नीट शिकून घ्या, लाजू नका, कारण तो तुंबला तर दुरुस्त करणारा तुमच्यातलाच कुणीतरी असतो.

धक्क्याला बोट लावणं सगळ्यांना अवघड जातं. का?

कारण बोट मागच्या टोकाकडून वळते, वारा तिला बाजूला रेटतो, आणि पाणी सुकाणूवरून वाहत नसेल तर सुकाणू काहीच करत नाही. शिवाय इंजिन मागे टाकलं की पंख्यामुळे मागचा भाग एका बाजूला ओढला जातो. कुठल्या बाजूला, हे प्रत्येक बोटीचं बंदरात शिरण्याआधी मोकळ्या पाण्यात पाहून घ्यायचं. मग फेंडर आणि दोर आधी बांधून ठेवायचे, आणि शक्य तेवढ्या कमी वेगाने, वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे तोंड करून यायचं. जमत नाहीसं वाटलं तर बाहेर जाऊन पुन्हा यायचं. यात कमीपणा नाही. अनुभवी लोक दोनदा बाहेर जाऊन तिसऱ्यांदा बोट लावतात.

एक गोष्ट कधीही करू नका. बोट आदळतेय असं दिसलं तर हात किंवा पाय मध्ये घालू नका. ती काही टनांची आहे. मध्ये फेंडर घाला. रंग उडाला तर परत लावता येतो.

समुद्रावर कोणी कोणाला वाट द्यायची?

१९७२ चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम सगळ्यांना लागू आहेत. दोन शिडाच्या बोटी असतील आणि वारा वेगवेगळ्या बाजूंनी घेत असतील, तर डाव्या बाजूने वारा घेणारी वाट देते. एकाच बाजूने घेत असतील, तर वाऱ्याकडची बोट वाट देते. मागून येऊन पुढे जाणारी बोट, ती कोणतीही असो, वाट देते. इंजिन लावून निघालात की शीड वर असलं तरी नियमांच्या दृष्टीने तुम्ही मोटरबोट. आणि अरुंद जलमार्गात मोठ्या जहाजाच्या वाटेत शिडाच्या बोटीने अडथळा करायचा नाही.

समोरच्या बोटीची दिशा तुमच्यापासून बदलत नाही आणि ती जवळ येतेय, तर टक्कर होणार. बोटीच्या कठड्याच्या खांबाशी तिची जागा जुळवून मिनिटभर बघितलं तरी कळतं.

ताकद नाही, वयही पन्नाशीच्या पुढे आहे. उगाच लोकांना त्रास नको.

या. विंचला दांडा असतो तो ताकद कमी असणाऱ्यांसाठीच. जास्त जोर लावावा लागतोय म्हणजे बहुधा पद्धत चुकतेय. शीड ओढायच्या आधी बोट क्षणभर वाऱ्याकडे वळवली की तोच दोर एका हाताने येतो. मोठ्या वयाचे विद्यार्थी घाई करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या गाठी सुटत नाहीत.

नवरा-बायकोने एकाच कोर्सला यावं का?

या, पण पहिल्याच दिवशी सांगा की दोघांनाही सुकाणू, नांगर आणि धक्क्याला लावणं सारखं करायला हवं. एक सतत सुकाणूवर आणि दुसरा सतत दोर टाकायला, अशी वाटणी आपोआप होते. मग सुकाणूवरचा पाण्यात पडला तर दुसऱ्याला बोट परत आणता येत नाही. काही जोडप्यांना मी आधी वेगवेगळ्या बोटींवर पाठवते. घरचा सूर बोटीवर यायचा थांबतो.

चांगला कोर्स कसा ओळखायचा?

फोन करून विचारा : बोटीवर एका प्रशिक्षकामागे किती जण असतात? पाचपेक्षा जास्त असतील तर तुमचा हात सुकाणूला दिवसभरात फार थोडा वेळ लागेल. रात्रीचा प्रवास आहे का? वारा नसेल तर काय शिकवता, आणि वारा जास्त असेल तर? या शेवटच्या प्रश्नाला ‘आम्ही कशातही जातो’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. आणि बोट प्रत्यक्ष पाहता आली तर दोर बघा. झिजलेले, गुंता झालेले दोर म्हणजे बाकी देखभालही तशीच.

सोबत काय आणायचं?

मऊ पिशवी, कडक सूटकेस नको, ती ठेवायला जागाच नसते. डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट, वारा-पाणी न लागणारं जाकीट, उन्हाचा चष्मा दोरीसकट, टोपी, डोक्याला बांधायचा लाल प्रकाशाचा दिवा. अंगठ्या घरी ठेवा, दोरात अडकतात.

कोर्स संपला. लगेच बोट भाड्याने घेऊ?

घ्या, पण पहिला बेत छोटा आखा. दिवसाला पंधरा-वीस मैल, अंधार पडण्याआधी तीन तास मुक्कामाला, आणि वाटेत शिरता येईल असं एक दुसरं बंदर नकाशावर खूण करून. रेडिओचा परवाना काढा. संकटाचा कॉल व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनेलवर कसा द्यायचा, हे कार्डावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा. बोटीचं नाव, जागा, काय झालंय, किती माणसं. घाबरल्यावर स्वतःच्या बोटीचं नावही आठवत नाही. बरोबरच्यांपैकी किमान एकाला तरी इंजिन सुरू करता यायला हवं.

आणि लॉगबुक लिहा. माझ्या पहिल्या स्किपर-प्रवासाचं पान अजून आहे. निघताना १२ नॉट वारा होता, तासाभरात थेट समोरून २२ झाला, बरोबरच्या दोघांना बोट लागली, आणि मुक्काम अजून अकरा मैल होता. आम्ही वळलो. पानावर एवढंच आहे : ‘सहा मैल गेलो, सहा मैल परत आलो. रीफ निघण्याआधीच घ्यायला हवा होता. संध्याकाळी सगळे जेवले.’